डिस्नेच्या ११ वर्षं आधी तिने कात्रीने अख्खा सिनेमा कापून काढला, तरी तिचं नाव मागे कसं पडलं?

जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेटेड सिनेमा कुठला, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं. वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स'. साल १९३७.

क्विझमध्ये हे उत्तर बऱ्याचदा खपूनही जातं. पण ते चूक आहे.

कारण त्याच्या ११ वर्षं आधी, १९२६ मध्ये बर्लिनच्या एका थिएटरात एक सिनेमा दाखवला गेला. तासाभराहून थोडा मोठा. त्यात उडणारा घोडा होता, जादूगार होता, चेटकीण होती, पिसांचा पोशाख घालून उडणारी परी होती आणि अल्लादिनचा दिवाही होता. आणि या सिनेमात एकाही पात्राला चेहरा नव्हता. सगळी पात्रं काळी, कागदातून कापलेली, मागून येणाऱ्या उजेडात हलणारी.

हा सिनेमा म्हणजे 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद'. जगात आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेटेड सिनेमा. शिल्लक असलेला म्हणायचं, कारण अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी या माणसाने १९१७ मध्येच 'एल अपोस्तोल' नावाचा ॲनिमेटेड सिनेमा काढला होता. पण त्याची एकही प्रत उरली नाही.

'प्रिन्स अहमद' बनवणारी व्यक्ती कुठल्या मोठ्या स्टुडिओची मालक नव्हती. ती होती बर्लिनची एक मुलगी. काम सुरू केलं तेव्हा तिचं वय होतं २४. आणि तिचं मुख्य हत्यार होतं कात्री.

तिचं नाव लोटे रायनिगर.

कागद कापणारी पोरगी

लोटेचा जन्म २ जून १८९९ चा, बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातला. काळा कागद कापून त्यातून माणसं, झाडं, प्राणी काढायचे, ही जर्मनीतली जुनी घरगुती कला. फोटो काढणं सर्रास होण्याआधी युरोपात लोक आपल्या चेहऱ्याची बाजूने दिसणारी काळी आकृती कापून घ्यायचे आणि भिंतीवर लावायचे.

लोटेला हे लहानपणापासून जमायचं. आणि नुसतं जमायचं नाही, तर भन्नाट जमायचं. तिची पद्धतही वेगळी होती. कात्री धरलेला उजवा हात ती जवळपास स्थिर ठेवायची आणि डाव्या हातातला कागद फिरवायची. आधी पेन्सिलने काही काढायची गरजच पडायची नाही. आकृती थेट कात्रीतून उतरायची. घरातच तिने सावल्यांचं छोटं थिएटर मांडलं आणि घरच्यांना, मैत्रिणींना खेळ दाखवायला सुरुवात केली.

सावल्यांचा खेळ आपल्याकडेही आहेच. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागे दिवा, मध्ये बाहुली आणि समोर प्रेक्षक. हजारो किलोमीटरवर बसलेल्या लोटेच्या डोक्यात हीच गोष्ट होती. फक्त तिला दिव्याच्या जोडीला कॅमेरा हवा होता.

कारण त्याच वयात तिला सिनेमाचं वेड लागलं होतं. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसचे जादूचे सिनेमे तिने पाहिले. मग जर्मन अभिनेता आणि दिग्दर्शक पॉल वेगेनरचे सिनेमे पाहिले. १९१५ मध्ये वेगेनरचं एक व्याख्यान ऐकायला ती गेली. कॅमेऱ्याने नुसतं समोरचं नाटक टिपायचं नसतं, त्यातून वेगळं जग उभं करता येतं, असा त्या व्याख्यानाचा रोख होता. ॲनिमेशनमध्ये काय काय होऊ शकतं, हेही त्याने सांगितलं.

१६ वर्षांच्या लोटेचं ठरलं. या माणसापर्यंत पोचायचं.

लाकडी उंदीर आणि मिळालेला ब्रेक

वेगेनर तेव्हा मॅक्स राईनहार्टच्या नाटक मंडळीत होता. राईनहार्ट म्हणजे त्या काळच्या जर्मन रंगभूमीवरचं सगळ्यात मोठं नाव. लोटेने आई-वडिलांना पटवलं आणि राईनहार्टच्या अभिनय शाळेत नाव घातलं.

मोठे नट स्टेजवर असायचे तेव्हा ही विंगेत उभी राहून त्यांच्या छायाकृती कापायची. नटांना स्वतःचं रूप पाहायला आवडतंच. ही चित्रं मंडळीत फिरायला लागली आणि फिरत फिरत वेगेनरपर्यंत पोचली.

त्या काळी सिनेमे मूक होते. संवाद आणि प्रसंग सांगायला मध्ये मध्ये मजकुराच्या पाट्या यायच्या. वेगेनरने लोटेला या पाट्या सजवायचं काम दिलं. मग आला 'द पाइड पायपर ऑफ हॅमलिन'. बासरीवाल्याच्या मागे गावातले सगळे उंदीर जातात, ती गोष्ट.

आता उंदीर आणायचे कुठून?

खरे उंदीर आणले तर ते ऐकेनात. गिनीपिग आणून पाहिले, तेही जमेना. शेवटी लाकडाचे उंदीर केले आणि एकेक फोटो घेत ते थोडे थोडे पुढे सरकवले. हे सरकवण्याच्या कामात लोटे होती. निर्जीव वस्तू सरकवायची, फोटो घ्यायचा, परत सरकवायची, परत फोटो घ्यायचा. पडद्यावर ती जिवंत होते. दादासाहेब फाळकेंनीही त्याच दशकात काड्यापेटीच्या काड्या अशाच सरकवून 'आगकाड्यांची मौज' हा छोटा ॲनिमेशनपट केला होता. सिनेमा नुकता चालायला शिकत होता आणि ठिकठिकाणची माणसं तीच युक्ती आपापल्या पद्धतीने शोधत होती.

१९१९ मध्ये वेगेनरने लोटेची ओळख बर्लिनमधल्या एका संस्थेशी करून दिली. तिथे शैक्षणिक आणि प्रायोगिक सिनेमे बनत. तिथेच तिने पहिला सिनेमा केला, 'द ऑर्नमेंट ऑफ द एनॅमर्ड हार्ट'. दोन प्रेमी, त्यांच्यामध्ये एक नक्षी आणि दोघांच्या मनातल्या बदलांप्रमाणे बदलत जाणारी ती नक्षी. एवढीच गोष्ट.

याच संस्थेत तिला कार्ल कोख भेटला. तो कलेचा अभ्यासक होता. १९२१ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढे आयुष्यभर लोटेच्या बहुतेक सिनेमांचा कॅमेरा आणि निर्मितीची बाजू कोखने सांभाळली.

नोटांची रद्दी झाली आणि सिनेमाचं नशीब उघडलं

१९२३ साल. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीत महागाईने कहर केला होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकन डॉलरची किंमत ४.२ लाख कोटी मार्क झाली. सकाळी हातात आलेल्या पगारात संध्याकाळी पाव मिळेल की नाही, याची खात्री नव्हती. त्याच महिन्यात म्युनिकमध्ये हिटलर नावाच्या एका नेत्याने सरकार उलथवायचा प्रयत्न केला आणि तो फसला.

अशा वेळी शहाणा माणूस पैसे बँकेत ठेवत नाही, वस्तू घेऊन ठेवतो. लुई हागेन नावाच्या बँकरने तेच केलं. फक्त त्याने सोनं किंवा धान्य न घेता सिनेमाची कोरी फिल्म घेऊन ठेवली. हा सौदा काही त्याला फळला नाही. पण लोटेचं काम त्याने पाहिलं होतं. त्याने विचारलं की या फिल्मवर मोठा सिनेमा करणार का?

त्या काळी ॲनिमेशन म्हणजे काही मिनिटांचा गंमतीचा तुकडा. तासभर लोक कार्टून बघत बसतील, असं सिनेमाच्या धंद्यातल्या कुणाला वाटत नव्हतं. लोटेने तरीही हो म्हटलं.

बर्लिनजवळच्या पोट्सडाममध्ये हागेनचं घर होतं. तिथल्या गॅरेजच्या माळ्यावर स्टुडिओ थाटला गेला. पुढची तीन वर्षं तिथेच काम चाललं.

सिनेमा बनला कसा?

समजा लाकडाचं टेबल आहे आणि त्याच्या मधोमध काच बसवली आहे. काचेखाली दिवा. काचेवर अर्धपारदर्शक कागदाची पार्श्वभूमी. तिच्यावर काळी बाहुली आडवी ठेवलेली. आणि या सगळ्याच्या वर, खाली तोंड करून टांगलेला कॅमेरा.

बाहुल्या काळ्या पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या होत्या. शिशामुळे बाहुलीला वजन यायचं आणि ती काचेवर सपाट पडून राहायची. डोकं, मान, खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा असे वेगवेगळे तुकडे कापून तारेने जोडलेले. पात्र जवळून दाखवायचं असेल तर त्याचं डोकं आणि खांदे मोठ्या आकारात वेगळे कापावे लागत.

बाहुलीचा हात केसभर हलवायचा. एक फोटो. आणखी केसभर हलवायचा. दुसरा फोटो. पडद्यावर काही सेकंद दिसणाऱ्या हालचालीसाठी हे शेकडो वेळा करायचं. मध्ये कुणाचा धक्का लागला, बाहुली सरकली, की गेलं सगळं.

त्यात माळ्याचं छत इतकं खाली होतं की कॅमेरा पुरेसा उंच टांगायला टेबलच जमिनीलगत ठेवावं लागलं. त्यामुळे लोटे मोडीत काढलेल्या एका जुन्या गाडीच्या सीटवर गुडघे टेकून काम करायची. तीन वर्षं.

पार्श्वभूमीला खोली आणण्यासाठी तिने आणि कोखने काचांचे थर वापरले. एका थरावर पात्रं, दुसऱ्यावर डोंगर, तिसऱ्यावर आकाश. थर वेगवेगळे हलवले की दृश्याला खोली येते. डिस्नेचा प्रसिद्ध मल्टिप्लेन कॅमेरा याच तत्त्वावर चालतो. तो कामाला लागला १९३७ मध्ये. पोट्सडामच्या माळ्यावर हे तत्त्व दशकभर आधीच वापरात होतं.

टीमही छोटी, पण एकाहून एक सरस होती. बर्टोल्ड बार्टोशने पातळ कागदाचे थर लावून समुद्र आणि लाटा तयार केल्या. वाल्टर रुटमानने आग, धूर आणि जादूचे परिणाम सांभाळले. वोल्फगांग त्सेलरने संगीत केलं. सिनेमा मूक असला तरी थिएटरात वाद्यवृंद वाजणार होता, म्हणून काही प्रसंगांची हालचाल संगीताच्या ठेक्याबरहुकूम बेतली गेली.

परीकथा कशाला हवी?

याच माळ्यावर एक वाद झाला. लोटेच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर तो वाद लागू पडतो.

रुटमान हा त्या वेळच्या प्रायोगिक सिनेमातला मोठा माणूस. देश जळतोय, लोक उपाशी आहेत आणि आपण उडत्या घोड्याचा सिनेमा करतोय, हे त्याला खटकत होतं. १९२३ सालाशी या सगळ्याचा संबंध काय, असं त्याने लोटेला विचारलं.

लोटेकडे मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की संबंध काहीच नाही. पण आपण आत्ता जिवंत आहोत, हे करायची संधी आत्ता मिळाली आहे आणि आपल्याला हेच करायचं आहे.

तेव्हा कुणाला वाटलं असतं की रुटमान काळाबरोबर आहे आणि लोटे काळापासून पळते आहे. पुढच्या १५ वर्षांत हे चित्र पार उलटलं.

गोष्ट काय आहे?

कथा अरेबियन नाइट्समधल्या. मराठी वाचकांना हे जग नवं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १९ व्या शतकातच 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या होत्या.

खलिफाच्या वाढदिवसाला एक जादूगार उडणारा घोडा घेऊन येतो. घोड्याच्या बदल्यात त्याला खलिफाची मुलगी दिनारजादे हवी असते. तिचा भाऊ राजपुत्र अहमद घोड्यावर बसून पाहतो. घोडा वर तर जातो, पण खाली कसा आणायचा हे त्याला माहीत नसतं. तो पोचतो थेट वाक-वाक बेटावर. तिथे त्याला परीबानू दिसते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. मग अपहरण, चीनचा बादशहा, आगीच्या डोंगरातली चेटकीण, अल्लादिन आणि त्याचा दिवा असं सगळं एकामागून एक येत जातं.

सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग म्हणजे चेटकीण आणि जादूगाराची लढाई. दोघं क्षणाक्षणाला रूप बदलतात. सिंह, साप, विंचू, कोंबडा. एक आकार वितळून दुसरा होतो. आजच्या भाषेत याला मॉर्फिंग म्हणतात. इथे ते कात्री आणि कागदाने केलंय.

पात्रांना चेहरे नसल्यामुळे सगळं काम शरीराला करावं लागतं. मान किती झुकली, बोटं कशी उघडली, खांदा कुठे वळला यातून लाज, भीती, राग, ओढ सगळं कळतं. काही मिनिटांनी चेहरे दिसत नाहीत, हे प्रेक्षक विसरूनच जातो.

मागचा पडदा काळा-पांढरा नाही. रात्रीला निळी छटा, आगीला लाल, दरबाराला पिवळी अशी फिल्म रंगवलेली होती.

सिनेमात आज खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. जादूगाराला आफ्रिकन ठरवणं, चिनी पात्रांना साचेबद्ध रूप देणं, पूर्वेकडचं सगळं गूढ आणि विचित्र दाखवणं. त्या काळच्या युरोपची ही नजर होती आणि लोटेचा सिनेमा तिच्यातून सुटलेला नाही.

शो झाला, टाळ्या पडल्या

सिनेमा तयार झाला, पण तो लावायला कुणी तयार होईना. तासाभराचं ॲनिमेशन विकायचं कसं, हेच वितरकांना कळत नव्हतं. शेवटी टीमनेच २ मे १९२६ ला बर्लिनच्या फोक्सब्यूने या थिएटरात खास शो ठेवला. कोखचा मित्र, नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त याने लोक जमवायला मदत केली. 'मेट्रोपोलिस'चा दिग्दर्शक फ्रित्झ लांग प्रेक्षकांत होता. थिएटर भरलं आणि लोकांनी सिनेमा डोक्यावर घेतला.

त्यानंतर सिनेमा पॅरिसला गेला. तिथे दिग्दर्शक जाँ रन्वार त्याच्या प्रेमात पडला आणि लोटे आणि कोखचा आयुष्यभराचा दोस्त झाला. पॅरिसमध्ये नाव झाल्यावर त्याच वर्षी बर्लिनमध्ये रीतसर प्रदर्शन झालं.

१९२८ मध्ये लोटेने 'डॉक्टर डूलिटल'च्या गोष्टी पडद्यावर आणल्या. मग तिने जिवंत नटांना घेऊनही एक सिनेमा केला, त्यात खुद्द रन्वारने काम केलं. पण तोवर बोलपट आले होते. मूक म्हणून बनवलेल्या या सिनेमाला मागाहून आवाज जोडावा लागला आणि तो पडला. फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेलच्या ऑपेरावर आणखी एक मोठा सिनेमा करायचं तिच्या मनात होतं. पण हक्क मिळाले नाहीत आणि १९३७ मध्ये राव्हेल गेल्यावर तो विषयच संपला.

'प्रिन्स अहमद'सारखा मोठा ॲनिमेटेड सिनेमा तिला पुन्हा कधीच करता आला नाही.

आणि मग हिटलर आला

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. लोटे आणि कोख डाव्या विचारांचे. त्यांचे कितीतरी मित्र ज्यू. 'प्रिन्स अहमद' ज्याच्या पैशातून उभा राहिला, तो हागेनही ज्यू. तिला या राजवटीत राहायचं नव्हतं.

पण जायचं कुठे? कुठलाच देश कायमचा व्हिसा देईना. मग सुरू झाली भटकंती. टुरिस्ट व्हिसावर लंडन, मुदत संपली की पॅरिस, तिथली संपली की आणखी कुठे. काही काळ नवरा-बायको वेगवेगळ्या देशांत राहिले.

या धावपळीतही कात्री थांबली नाही. मोझार्टच्या ऑपेरावर तिने १९३५ मध्ये 'पापागेनो' केला. लंडनमध्ये ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म युनिटसाठी 'द टॉशर' केला. म्हणजे पोस्टाच्या बचत बँकेची जाहिरातही तिने परीकथा करून टाकली. रन्वारच्या 'ला मार्सेयेज'मधला सावल्यांच्या खेळाचा प्रसंगही तिचाच. कोख तोवर रन्वारचा सहकारी झाला होता.

महायुद्ध पेटलं तेव्हा दोघं इटलीत गेले. रन्वारने तिथे 'टोस्का' सुरू केला होता, पण त्याला देश सोडावा लागला आणि तो सिनेमा कोखने पूर्ण केला.

१९४४ मध्ये लोटेला बर्लिनला परतावं लागलं. तिची आई आजारी होती. ज्या राजवटीपासून ती ११ वर्षं लांब पळत होती, तिच्याच राजधानीत ती अडकली आणि तिथल्याच यंत्रणेसाठी काम करणं भाग पडलं. तिने तेव्हा हाती घेतलेला सिनेमा होता 'द गोल्डन गूज'. प्रचारपट नाही. सोन्याच्या हंसिणीची परीकथा.

आणि परीकथेचा १९२३ शी संबंध काय, असं विचारणारा रुटमान? १९२७ मध्ये त्याने बर्लिन शहरावरचा गाजलेला माहितीपट केला. मग नाझी आले आणि तो जर्मनीतच राहिला. जर्मन पोलाद, जर्मन रणगाडे यांचे गोडवे गाणारे सिनेमे त्याने केले. १९४१ मध्ये तो वारला. काळाशी नातं सांगणारा माणूस काळाच्या मागे गेला. काळाशी काही संबंध नसलेली गोष्ट सांगणारी बाई देशोदेशी हिंडली.

१९४५ मध्ये बर्लिन पडलं. त्या धुमश्चक्रीत 'प्रिन्स अहमद'ची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली.

तीन वर्षं गुडघ्यांवर बसून केलेलं काम मूळ रूपात कुठेच उरलं नाही.

माळ्यावरचा तो पोरगा

१९४९ मध्ये लोटे आणि कोख लंडनला गेले. तिची पन्नाशी झाली होती आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची होती.

इथे गोष्टीत परत येतो हागेन. मात्र बँकर नाही, त्याचा मुलगा. त्याचंही नाव लुईच. पोट्सडामच्या माळ्यावर लोटेला काम करताना लहानपणी त्याने पाहिलं होतं. पुढे किशोरवयात नाझींची टिंगल केल्याबद्दल त्याला छळछावणीत टाकलं गेलं. तिथून सुटून तो इंग्लंडला पोचला, ब्रिटिश सैन्यात ग्लायडर पायलट झाला, आर्नहेमच्या लढाईत लढला आणि त्याला शौर्यपदक मिळालं.

लोटे लंडनमध्ये आहे म्हटल्यावर तो तिच्या पाठीशी उभा राहिला. प्रिमरोज प्रॉडक्शन्स ही कंपनी सुरू झाली. बापाने २४ वर्षांच्या लोटेला फिल्म दिली होती, पोराने पन्नाशी ओलांडलेल्या लोटेला काम दिलं.

१९५३ ते १९५५ या काळात तिने टीव्हीसाठी डझनभराहून जास्त छोटे सिनेमे केले. सिंड्रेला, स्लीपिंग ब्यूटी, हॅन्सेल आणि ग्रेटेल. यातल्या 'द गॅलंट लिटल टेलर'ला १९५५ मध्ये व्हेनिसला बक्षीस मिळालं.

पण जगाच्या लेखी ॲनिमेशन म्हणजे तोवर डिस्ने झालं होतं. रंगीत, गाणी असलेलं, शेकडो चित्रकारांच्या कारखान्यातून निघणारं. लोटेकडे कारखाना नव्हता, देश बदलताना मागे राहिलेल्या फिल्म होत्या. शिवाय तिचं काम मुलांच्या कार्यक्रमांत दाखवलं जायचं, त्यामुळे ते गंभीरपणे घ्यायची कुणाला गरज वाटली नाही.

१९६३ मध्ये कोख गेला. चार दशकांचा जोडीदार गेल्यावर लोटेने सिनेमे करणं जवळपास थांबवलं.

कात्री पुन्हा उघडली

१९६० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या नव्या पिढीला जुन्या सिनेमांची आठवण झाली. लोटेला बोलावणं आलं. १९७० मध्ये तिचं छायाखेळ आणि छायापटांवरचं पुस्तक आलं. १९७२ मध्ये जर्मन सिनेमातल्या योगदानासाठी तिला मानाचा पुरस्कार मिळाला. सत्तरी ओलांडलेली लोटे देशोदेशी कार्यशाळा घेत फिरायला लागली. लोकांसमोर बसायची, कागद घ्यायची आणि बोलता बोलता हरीण कापून द्यायची.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी तिने १९७५ मध्ये 'ओकासँ ए निकोलेत' केला. १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीने तिला देशाचा मोठा नागरी सन्मान दिला. तिचा शेवटचा छोटा सिनेमा १९८० चा.

१९ जून १९८१ ला जर्मनीतल्या ट्युबिंगेनजवळच्या डेटेनहाउझेन गावात ती गेली. १७ दिवसांपूर्वीच तिला ८२ वर्षं पूर्ण झाली होती.

आणि 'प्रिन्स अहमद'चं काय झालं?

निगेटिव्ह नष्ट झाली, पण परदेशात गेलेल्या प्रतींपैकी काही वाचल्या. त्या लोकांनी बरीच वर्षं काळ्या-पांढऱ्यातच पाहिल्या. १९९८-९९ मध्ये जर्मन आणि ब्रिटिश अभिलेखागारांतल्या तज्ज्ञांनी शिल्लक प्रतींवरून सिनेमा दुरुस्त केला. निळ्या, लाल, पिवळ्या छटा परत आल्या. त्सेलरचं संगीतही पुन्हा जोडलं गेलं.

लोटेचं नाव मागे पडलं, तरी तिची पद्धत सिनेमावाल्यांच्या डोक्यातून गेली नाही. फ्रान्सच्या मिशेल ओसलोने छायाकृतींचे अख्खे सिनेमे केले. 'हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज'च्या पहिल्या भागात तीन भावांची गोष्ट सांगणारा जो सावल्यांचा प्रसंग आहे, तो पाहताना जाणकारांना लोटेच आठवते. २ जून २०१६ ला गूगलने तिच्या वाढदिवसाला डूडल केलं, तेव्हा कित्येकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

तिच्या बाहुल्या आणि कागदपत्रं आज ट्युबिंगेनच्या शहर संग्रहालयात आहेत. तारेने जोडलेले हात, केसभर जाडीची बोटं, परीच्या पोशाखाची पिसं. काचेपलीकडे त्या निपचित पडून असतात.

'प्रिन्स अहमद' मात्र अजूनही चालतो. जगभरच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये तो लागतो, समोर बसून वादक संगीत वाजवतात, पडद्यावर घोडा वर उडतो आणि त्याला खाली कसं आणायचं, हे राजपुत्राला अजूनही माहीत नसतं. शंभर वर्षांपूर्वीच्या उपाशी बर्लिनशी याचा काही संबंध नव्हता, हे लोटेचं म्हणणं खरंच होतं. म्हणूनच की काय, तो पाहायला आजही १९२३ माहीत असावं लागत नाही.